उभ्याला मत नाही

रविवारी सकाळी न्यायमूर्ती स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात आले, तेव्हाच वहिनींनी ओळखलं की काहीतरी शिजतंय आणि ते गॅसवर नाही.

“अगं, आज बैठकीला कॉफी कर,” ते म्हणाले. “सगळ्यांना.”

“करते. आधीच करून थर्मासात भरून ठेवते.”

“थर्मासातली नको. घंटा वाजली की दूध ठेव. ताजी दे.”

वहिनींनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कॉफी ताजी की शिळी यावर या माणसानं कधी अवाक्षर काढलं नव्हतं. कोर्टात प्रत्येक शब्दाचा कीस पाडणारे न्यायमूर्ती घरी पुढ्यात येईल ते वर्तमानपत्र वाचता वाचता गिळायचे.

“घंटा वाजली की?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“हो, घंटा वाजली की,” न्यायमूर्ती म्हणाले आणि ओट्यावरचा एक डबा उगाच सरळ करून निघून गेले. तो डबा आधीच सरळ होता.

या घरात घंटा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं की तो आधी हसतो आणि मग हळूच चपला शोधायला लागतो. न्यायमूर्तींचे वडील, म्हणजे आप्पा, देशाची घटना लिहिणाऱ्या समितीत होते. तेव्हा सगळ्यांत लहान, आज एकटेच उरलेले. बाकीचे एकेक करून गेले, आणि जसजसे गेले तसतसा घटनेतला आप्पांचा वाटा वाढत गेला. न्यायमूर्ती शाळेत होते तेव्हा आप्पा सांगायचे, “मी मसुद्यातले स्वल्पविराम तपासायचो.” धाकट्याला पदवी मिळेपर्यंत ते “हक्कांच्या प्रकरणात माझा थोडाफार हात आहे” इथवर आले. आता मुलाखत घ्यायला पोरं येतात, तेव्हा हक्कांचं अख्खं प्रकरण आप्पांनी एकटाकी लिहिलेलं असतं. खोडून काढायला कुणी राहिलेलंच नाही, मग काय!

देशाची घटना लिहूनही हात शिवशिवत राहिले, म्हणून आप्पांनी घरालाही एक घटना दिली. जेवणाच्या टेबलावर, घड्याळ आणि फ्रीज यांच्या मधल्या भिंतीवर ती चौकटीत टांगलेली आहे. कलम पहिलं: घर सगळ्यांचं आहे. हे वाचून पाहुण्यांना गहिवरून येतं. पण घर चालतं ते चौथ्या कलमावर. घंटा वाजल्यावर टेबलाशी बसलेल्या प्रत्येक सज्ञान माणसाला एक मत. उभ्याला मत नाही. आणि मध्येच उठेल त्याचं मत त्या ठरावापुरतं बाद.

हे कलम खास मामांसाठी होतं. मामा म्हणजे आप्पांचे मेहुणे. रोज संध्याकाळी यायचे, खिडकीला टेकायचे, “बसत नाही, घाईत आहे” म्हणायचे आणि भिंतीच्या रंगापासून पोरांच्या शाळेपर्यंत सगळ्यात आपलं घोडं दामटायचे. बायकोच्या भावाला तोंडावर “गप्प बसा” म्हणायची आप्पांची छाती नव्हती, म्हणून त्यांनी कलम लिहिलं. मोठमोठ्या देशांच्या मोठमोठ्या कलमांमागेही असाच एखादा मामा खिडकीला टेकून उभा असतो, फक्त त्याचं नाव पुस्तकात येत नाही. पुढे मामा वारले. कलम मात्र राहिलं.

राहिलं ते असं की वहिनींनी या घरात आजवर एकदाही मत दिलं नव्हतं. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंनीही नाही. त्यांचा हक्क कुणी काढून घेतला होता का? छे! या घरात कुणी कुणाचा हक्क काढून घेत नाही, तशी शिकवणच नाही. फक्त घंटा वाजते तेव्हा गॅसवर काहीतरी असतं. सासूबाई कधी आतून ओरडून म्हणायच्या, “अहो, निळा नको, डोळ्यांवर येईल!” तेव्हा आप्पांनी एकदा हसत हसत सांगितलं होतं, “आतून आलेलं बोलणं धरत नाहीत.” सगळे हसले होते. मग ते पोरांच्या तोंडी बसलं आणि कुठंही न लिहिता नियम होऊन गेलं.

तर आज घंटेला दूध गॅसवर असावं, अशी न्यायमूर्तींची इच्छा होती. वहिनी “बरं” म्हणाल्या होत्या. त्या नेहमीच म्हणायच्या.

*

वकीलबाई, म्हणजे न्यायमूर्तींची धाकटी बहीण, वरच्या मजल्यावरून खाली आल्या, तेव्हा वहिनी पुढच्या खोलीत छोट्या गाद्यांच्या घड्या घालत होत्या. खरं तर रविवारी पाळणाघर बंद असतं, घड्या घालायचं काही कारण नव्हतं.

ही पुढची खोली घरातली सगळ्यांत मोठी, सगळ्यांत उजेडाची. लेक शाळेत जायला लागली तेव्हापासून वहिनी इथं पाळणाघर चालवत होत्या. दवाखान्यातल्या परिचारिकांची मुलं, बसवर तिकिटं फाडणाऱ्या बाईचे जुळे, न्यायमूर्तींच्याच कोर्टातल्या टायपिस्टची मुलगी. वकीलबाईंचा मुलगाही इथंच रांगला होता. भिंतीवर मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र. बदक, होडी, छत्री. नवीन मूल आलं की आधी रडायचं, मग आपलं चित्र निवडायचं आणि मग ते त्या घरचं व्हायचं.

“शुक्रवारी तो आप्पांच्या स्मारकासाठी आलेला सरकारी खात्याचा माणूस काय म्हणाला गं?” वकीलबाईंनी विचारलं.

“टेप घेऊन आला होता. म्हणाला, या खुंट्या काढायला लागतील. इथं काचेची पेटी येणार. त्यात आप्पांचं पेन, आप्पांचा चष्मा.”

“चष्मा? मग आप्पा घालणार काय?”

“मीही तेच विचारलं. तो म्हणाला, बाई, ते तपशील नंतर बघू.”

दोघी हसल्या. मग वहिनींचं हसू मध्येच तुटलं आणि त्या गादीवरच बसल्या.

“वन्सं, मला इतका राग आलाय ना,” त्या म्हणाल्या. “रडूही येतंय आणि रागही येतोय. स्वातंत्र्य आणि समता दालन म्हणे! उद्या तीस पोरांना मी कुठं घेऊन जाऊ? आणि मी काय करू? ही एक खोली या घरात माझी आहे. बाकी सगळ्या घरात मी आहे, पण माझं काही नाही.”

वकीलबाई तत्त्वासाठी भांडायच्या हे खरंच. पण तत्त्व दादाच्या विरोधात असलं की त्यांच्या अंगात जरा जास्तच बळ यायचं. लहानपणी दादा न्यायाधीश व्हायचा, भाऊ साक्षीदार, आणि त्या कायम आरोपी. तेव्हापासूनचा हिशेब चुकता व्हायचा होता.

“मतं मोज,” त्यांनी बोटं पुढे केली. “आप्पांना स्मारक हवंय. त्यांचंच आहे, कुणाला नको असतं? दादाची निवृत्ती जवळ आलीय. उद्घाटनाला मोठमोठे लोक दारात येणार, आणि दारात येऊन गेलेले लोक निवृत्त माणसाला लगेच विसरत नाहीत. भाऊला मानद संचालक करतायत. झाले तीन. आपल्याकडे मी आणि तुझी छोटी. दोन.”

“म्हणजे गेलीच खोली.”

“तू बसलीस तर तीन. निदान बरोबरी, पुढचं मी बघते.”

वहिनींनी स्वतःच्या बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं.

“आज घंटेला टेबलाशी येऊन बस. बास.”

“आणि दूध? यांनी सांगितलंय, घंटा वाजली की दूध ठेव म्हणून.”

वकीलबाईंच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला आदर म्हणावं की संताप, ते त्यांनाही ठरवता आलं नसतं. “काय पण डोकं आहे दादाचं,” त्या म्हणाल्या. “वहिनी, दूध गेलं खड्ड्यात. तू बस.”

*

प्राध्यापक, म्हणजे न्यायमूर्तींचे धाकटे भाऊ, सकाळपासून वहिनींना टाळत होते. एवढ्याशा घरात ते सोपं नव्हतं.

राज्यशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. स्मारकं म्हणजे सत्तेनं जनतेच्या स्मरणशक्तीवर टाकलेला दरोडा, असा त्यांचा एक लेख होता आणि तो विद्यार्थ्यांना परीक्षेला असे. मानद संचालकपदाचं कळल्यापासून त्या लेखाचा दुसरा भाग त्यांच्या डोक्यात घोळत होता. त्यात काही स्मारकं अपवाद ठरणार होती.

बिस्किटं घ्यायला म्हणून ते स्वयंपाकघरात शिरले आणि नेमक्या वहिनी समोर.

“वहिनी,” ते म्हणाले, “तुम्हाला थोडं वाईट वाटलं असेल.”

“थोडं नाही. खूप वाटलं.”

अशा वेळी लोक “छे हो, तसं काही नाही” म्हणतात, असा आजवरचा अनुभव होता. ते प्रबंध लिहीत होते तेव्हा वहिनी रोज त्यांचं ताट झाकून ठेवायच्या, आणि तेच ताट या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. “म्हणजे व्यापक हिताच्या दृष्टीनं पाहिलं तर…” त्यांनी सुरुवात केली.

“भाऊजी, बिस्किटं वरच्या डब्यात आहेत,” वहिनी म्हणाल्या.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्या मनात म्हणाल्या असतील. प्राध्यापकांना ते ऐकूही आलं. बिस्किटं न घेताच ते बाहेर पडले.

*

आप्पांनी घंटा वाजवली.

स्वयंपाकघरात वहिनींच्या हातांनी दूध गॅसवर ठेवलं. त्यांना ते ठेवायचं नव्हतं, पण इतक्या वर्षांची सवय, हात थांबले नाहीत. मग त्यांनी पदराला हात पुसले, बाहेर आल्या आणि सहाव्या खुर्चीवरचा रद्दीचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला. मामा त्या खुर्चीवर कधी बसले नाहीत, म्हणून तिथं रद्दी साठायची.

वहिनी खुर्चीत बसल्या.

छोटी, म्हणजे वहिनींची लेक, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती आणि बैठकीचं टिपण तीच ठेवायची. तिनं पेनाचं टोपण काढलं आणि आईकडे न बघता ओठ घट्ट मिटून घेतले, नाहीतर ती हसली असती.

“अगं, दूध?” न्यायमूर्ती म्हणाले.

“ठेवलंय.”

“मग तू इथं कशी?”

“बसलेय.”

न्यायमूर्तींनी घसा साफ केला. “आप्पा, मला हरकत नोंदवायची आहे. तिच्याविषयी व्यक्तिशः काही नाही…”

“‘तिच्या’ काय? मी इथं समोर बसलेय,” वहिनी म्हणाल्या.

“प्रश्न प्रघाताचा आहे. हिनं आजवर कधी मत दिलेलं नाही. इतक्या वर्षांचा प्रघात हा कायद्याचाच भाग असतो.”

“दादा,” वकीलबाई म्हणाल्या, “एखाद्या वाटेनं कुणी गेलं नाही म्हणून ती वाट बंद होत नाही.”

“होते. माझाच निकाल आहे तसा.”

“मग चुकलास.”

“वरच्या कोर्टानं कायम केलाय.”

“मग दोघं चुकलात!”

“मुळात मताधिकार ही संकल्पना ऐतिहासिकदृष्ट्या…” प्राध्यापक म्हणाले.

“तू थांब रे,” दोघं एका सुरात म्हणाली. बहीणभावाचं इतक्यात एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं.

न्यायमूर्तींनी दुसरा पत्ता काढला. “शिवाय पाळणाघर तिचं आहे. स्वतःच्याच प्रकरणात कुणी मत देऊ नये, हे तर लहान पोरालाही कळतं.”

“अगदी बरोबर,” वकीलबाई गोड आवाजात म्हणाल्या. “आणि स्मारक कुणाचं आहे?”

सगळ्यांच्या माना आप्पांकडे वळल्या. आप्पांनी चष्मा काढून पुसला. तोच चष्मा, पेटीत जाणारा.

“बरं, ते सोडा,” न्यायमूर्ती घाईनं म्हणाले. “लिहिणाऱ्याचा हेतू बघू. लिहिणारे समोरच आहेत, असं भाग्य कोणत्या कोर्टाला मिळतं? आप्पा, तुम्हीच सांगा. हे कलम लिहिताना हिला मत असावं, असं तुमच्या मनात होतं का?”

आप्पांना वाटलं, हो म्हणावं की नाही म्हणावं? खरं म्हणजे ते कलम लिहिताना त्यांच्या मनात बायकाच नव्हत्या. असाव्यात आणि असू नयेत, दोन्ही नव्हतं.

“माझ्या मनात मामा होता,” ते म्हणाले. “पण मनातलं मनात राहिलं. लिहिलंय ते लिहिलंय. मी शब्द मोजून लिहितो, पोरांनो. देशाला विचारा. बसलेल्या प्रत्येक सज्ञान माणसाला! सूनबाई, तू सज्ञान आहेस?”

“झाले असेन आता.”

“बसलीस?”

“बसले.”

“मग मत आहे. पुढे चला.”

छोटीला आजोबांचा भयंकर अभिमान वाटला. पण तिनं जरा विचार केला आणि तिच्या लक्षात आलं, की तीन-तीन झाले तर कर्त्याला, म्हणजे आजोबांनाच, आणखी एक मत, हे सातवं कलमही आजोबांनीच मोजून लिहिलेलं आहे. न्याय करायला या म्हाताऱ्याचं काहीच जात नव्हतं.

“मला बोलायचंय,” वहिनी म्हणाल्या.

त्यांना उभं राहून बोलायचं होतं, शाळेत तसं शिकवलेलं. अर्ध्या उठल्या आणि लेकीनं हात दाबला तशा खाली बसल्या.

“आप्पा, तुमच्या हक्कांच्या प्रकरणात मी वाचलंय, माणसाला काम करायचा हक्क आहे. माणसाला म्हणजे बाईलाही, असं मी समजते. बसवरची ती बाई कामाला जाते, कारण तिचे जुळे माझ्याकडे असतात. परिचारिका रात्रपाळी करून येते आणि दिवसा दोन तास झोपते, कारण तिचं पोर माझ्याकडे असतं. तुम्ही तो हक्क पुस्तकात लिहिलात. मी तो या खोलीत ठेवलाय, खुंटीवर अडकवून. तुम्ही म्हणाल तर काढते. पण मग काचेच्या पेटीत नक्की काय ठेवणार ते तरी सांगा.”

प्राध्यापक टेबलावरच्या एका जुन्या डागाकडे बघत होते. आप्पांना सुनेचं पटलं होतं, पण ते त्यांनी खाकरून खाली ढकललं. कारण स्मारक त्यांना हवंच होतं. समितीतल्या एकेकाच्या शोकसभेला जाऊन ते भाषणं ऐकून आले होते आणि प्रत्येक वेळी वाटलं होतं, बिचाऱ्याला हे जिवंतपणी ऐकायला मिळायला हवं होतं. म्हातारपणी एवढीशी हाव धरली तर काय बिघडलं?

“छान बोललीस,” ते म्हणाले. “टिपणात घे गं छोटी. आता मत. ठराव असा की…”

तेवढ्यात वास आला.

दूध वर आल्याचा, मग शेगडीवर सांडल्याचा, मग जळायला लागल्याचा. फस्स असा आवाज झाला. सवयीनं सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या, वहिनींकडे. वहिनींचे तळवे टेबलावर टेकले, कोपर ताठ झाले.

“आई, बस,” छोटी हळूच म्हणाली.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

“अगं, दूध जळतंय!” न्यायमूर्ती म्हणाले.

“हो, वास येतोय.”

“मग ऊठ ना!”

“तुम्ही उठा. कॉफी तुम्हाला हवी होती.”

न्यायमूर्तींनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. ते उठले तर त्यांचं मत बाद. वकीलबाई उठल्या तर त्यांचं. प्राध्यापक खुर्चीच्या कडेवर आले होते, पण दादानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत मागे सरकले. देशातली तीन मोठी डोकी त्या टेबलाशी दूध जळताना ऐकत बसली होती. कुणीतरी उठायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कुणी, यावर नव्हतं.

“अरे, कुणीतरी बंद करा!” आप्पा ओरडले.

दाराच्या फटीतून धूर यायला लागला. आप्पांनी एकेका तोंडाकडे पाहिलं. शेवटी सुनेकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, धुरानं की कशानं कोण जाणे, पण ती दाराकडे बघत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती.

आपल्या कलमाची ताकद आप्पांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. इतकी वर्षं दर बैठकीत कुणीतरी उठत होतं म्हणूनच बाकीचे बसू शकत होते.

“घर पेटवाल, गाढवांनो,” ते म्हणाले आणि काठी शोधू लागले.

“आप्पा, तुम्ही नका!” न्यायमूर्ती किंचाळले. “तुमचं मत…”

पण आप्पा उठले होते.

*

स्वयंपाकघरात शेगडीला चार बटणं होती आणि आप्पांना त्यांतलं एकही ओळखीचं नव्हतं. पहिलं फिरवलं तर दुसरीकडेच जाळ भडकला. ते दचकून मागे सरले. मग सगळीच बटणं इकडून तिकडे फिरवल्यावर आग एकदाची विझली. पातेलं खाली ओढताना हाताला चटका बसला आणि त्यांच्या तोंडून अशी शिवी गेली, की ती कुठल्याही मसुद्यात बसली नसती.

खिडकी उघडून ते टेकायला काही शोधू लागले. स्वयंपाकघरात खुर्ची नव्हती, एकही नाही. दाराच्या आतल्या अंगाला फरशीवर दोन पावलांपुरती जागा झिजून गुळगुळीत झाली होती. आप्पा तिथं जाऊन उभे राहिले, आणि बाहेरचं टेबल कानाशी आल्यासारखं झालं. शब्द न् शब्द ऐकू येत होता. छोटीचं पेन कागदावर घासतंय तेही.

इथं ही उभी असायची, आप्पांना वाटलं. ही म्हणजे त्यांची बायको. निळा नको म्हणाली होती. आपण निळाच दिला आणि दोन वर्षांनी, डोळ्यांवर येतो म्हणून बदलला. तिला कधी सांगितलंही नाही की तुझं बरोबर होतं. आप्पांना एकाएकी फार वाईट वाटलं. भाजलेला हात त्यांनी छातीशी धरला.

बाहेर जुंपली होती.

“कर्ता शेजारच्या खोलीत आहे, म्हणजे बैठकीतच आहे असं मानायला हवं!” न्यायमूर्ती.

“कोणत्या कलमाखाली?” वकीलबाई. “उठेल त्याचं मत बाद. तुझ्या देखत उठले.”

“अपरिहार्य परिस्थितीत…”

“दूध ही अपरिहार्य परिस्थिती असेल, तर मग वहिनींची इतक्या वर्षांची सगळी मतं मोजायला घेऊ या. आहेस तयार?”

“तू विषय भरकटवू नकोस! हे बघ, कलम चारचा अर्थ सातव्या कलमाबरोबर लावला तर…”

“अरे, माझं ऐका जरा!” आप्पा आतून ओरडले. “माझं मत…”

“आतून आलेलं बोलणं धरत नाहीत!” न्यायमूर्ती खेकसले.

तोंडातून शब्द गेले आणि त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. लहानपणापासूनची सवय. बोलता बोलता स्वयंपाकघरातून आवाज आला की त्यांची जीभ आपोआप तेच म्हणायची. कुणाचा आवाज आहे, हे बघायची कधी गरजच पडली नव्हती.

“नोंदव गं छोटे,” वकीलबाई म्हणाल्या. “शब्दशः नोंदव.”

“नोंदवलं, आत्या.”

“कर्ता नसेल तेव्हा वयानं मोठा तो बैठक चालवतो. दादा, चालव.”

न्यायमूर्तींनी आयुष्यात कधी निकाल टाळला नव्हता, आता कसा टाळणार? “पुढच्या खोलीत स्मारक व्हावं, असं वाटणाऱ्यांनी हात वर करावेत,” ते पडक्या आवाजात म्हणाले आणि स्वतःचा हात वर केला.

प्राध्यापकांनी हात खांद्यापर्यंत नेला. समोर वहिनी होत्या. हात तिथंच घुटमळला, मग मानेमागे गेला आणि खाजवू लागला.

“काका, हे मत आहे की खाज?” छोटीनं विचारलं. “टिपणासाठी विचारतेय.”

प्राध्यापकांनी आणखी एकदा मान खाजवली. “खाज,” ते म्हणाले.

“विरोधात?”

तीन हात वर झाले. वहिनींचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण खाली यायचं नाव घेईना. छोटीनं मोजून झालं, लिहून झालं, सही करून झाली, तरी तो वरच होता.

“आई, झालं. खाली घे.”

“राहू दे थोडा वेळ,” वहिनी म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. आप्पा दारात उभे होते, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात करपलेलं पातेलं. निकाल त्यांना सांगायची गरज नव्हती, तो त्यांनी झिजल्या फरशीवर उभं राहून ऐकला होता. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, चौकटीतल्या घटनेकडे पाहिलं आणि मग सुनेकडे पाहिलं.

“मी एवढ्यानं ओरडलो,” ते म्हणाले. “कुणाला ऐकूच आलं नाही का गं?”

वहिनी उठल्या. त्यांनी आप्पांच्या हातातलं पातेलं घेतलं, भाजलेला हात उलटा करून बघितला आणि त्यावर हळूच फुंकर घातली.

“आलं ना, आप्पा,” त्या म्हणाल्या. “आतलं बाहेर स्पष्ट ऐकू येतं. पहिल्यापासून येतं.”